अंगाबरोबर बसणारी विणलेली बंडी

चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीसारख्या दमट गावात लोकर कोण घालणार? तिथे बंडी विणावी ती सुती धाग्याची. दोन सुलट, दोन उलट अशी वीण ताणली जाते आणि परत आवळते, म्हणून अंगाला नीट बसते. पण सूत लोकरीइतकं लवचीक नसतं. सुई जरा बारीक घ्या.

आधी नमुना विणून धुवा, वाळवा, किंचित ताणून मोजा. याचा कंटाळा अजिबात करू नका! छाती ९० सेंटीमीटर असेल तर घेर ८५ धरा. १० सेंटीमीटरला २२ टाके येत असतील तर १८७ होतात. गोल विणताना चारच्या पटीत १८८ घाला. गळ्याचे टाके सैल बंद करा, नाहीतर डोकं अडकेल. इस्त्री मात्र नको, वीण चपटी होते.