कारखान्याची कीर्द आणि खतावणी



वसंतातल्या संध्याकाळी आपण काव्य ऐकावे, इतिहास ऐकावा, ही रीत आहे. मी मात्र कारखान्यातल्या आकड्यांविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. पण हे आकडे वेळेवर न वाचल्यामुळे माणसे मेली आहेत, म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करतो.

साखर, दूध, खत, पेट्रोल अशा ज्या कारखान्यांत माल नळांतून वाहत असतो, तेथे दाब, तापमान, पातळी आणि प्रवाह ही चार मापे म्हणजे कारखान्याची नाडी होय. पूर्वी ही नाडी कागदावर उमटे. तबकडीसारखा गोल कागद चोवीस तासांत एक फेरी पुरी करी आणि शाईची लेखणी त्यावर रेषा ओढी. दर तासाला कामगार नोंदवहीत आकडेही लिही. दिवस संपला की कागद कपाटात आणि काही वर्षांनी अडगळीत! गेल्या पावसाळ्यात बाष्पकाचा दाब का पडला, असे कोणी विचारले तर उत्तर शोधायला धूळ झटकावी लागे.

पुढे संगणक आला. अमेरिकेत १९८० साली पॅट्रिक केनेडी यांनी जी कंपनी काढली, ती पुढे ओएसआयसॉफ्ट या नावाने प्रसिद्ध झाली. कारखान्याची मापे वेळेसह साठवून ठेवणे, हाच तिचा व्यवसाय. यातली अडचण साध्या हिशेबाने कळेल. एक मापक दर सेकंदाला एक आकडा देतो, म्हणजे दिवसाला ८६,४०० आकडे झाले. मोठ्या कारखान्यात असे ५,००० मापक धरले, तर एका दिवसाचे ४३ कोटी २० लाख! त्या काळी एवढे साठवणे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून युक्ती निघाली. टाकीची पातळी तासभर एकाच गतीने चढत असेल, तर आरंभ आणि शेवट तेवढा ठेवावा. मधली रेषा केव्हाही काढता येते. माप त्या रेषेपासून ठरावीक मर्यादेबाहेर गेले, तरच नवी नोंद करावी. युक्ती नामी खरी. पण मर्यादा सैल ठेवली, तर क्षणभराची उसळी पुसली जाते, आणि पुष्कळदा बिघाडाचे मूळ त्या उसळीतच असते. आज साठवण स्वस्त झाली आहे. तेव्हा जुन्या सैल मर्यादा पुन्हा तपासून पाहणे, ही सुधारणेची पहिली पायरी होय.

परंतु पुष्कळ साठवले म्हणजे काम झाले काय? याचे उत्तर एका दुर्घटनेने दिले आहे.

२३ मार्च २००५. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना. सुमारे १७० फूट उंचीचा एक मनोरा बंद होता, तो पुन्हा चालू करीत होते. त्यात तेल येत राहिले. बाहेर जाण्याची वाट मात्र कित्येक तास बंद. पातळी मोजणारे यंत्र तळाच्या दहाएक फुटांपुरतेच होते, आणि तेही चुकत होते. मनोरा तुडुंब भरत असताना ते पातळी हळूहळू उतरत असल्याचे दाखवीत होते! आत किती आले, हा आकडा होता. बाहेर किती गेले, हाही होता. परंतु एक एका पडद्यावर, तर दुसरा दुसऱ्या पडद्यावर. दोहोंची वजाबाकी कोठेच दिसत नव्हती. आदल्या पाळीने नोंदवहीत जे लिहून ठेवले, तेही एका त्रोटक ओळीत. अखेर तेल उसळून बाहेर पडले, त्याची वाफ पेटली आणि १५ माणसे प्राणास मुकली. सुमारे १८० जखमी झाली. मृत सारे जवळच्या तात्पुरत्या कचेऱ्यांत व त्यांच्या आसपास होते. त्या मनोऱ्याच्या कामाशी त्यांचा संबंधही नव्हता.

आपल्या पेठेतला कोणताही जुना मुनीम या घटनेचे मर्म एका वाक्यात सांगेल: कीर्द होती, खतावणी नव्हती. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा उतरतो. पण कोणाकडे किती येणे उरले, हे खतावणीशिवाय कळत नाही. आवक आणि जावक एका पानावर आली की तूट आपोआप डोळ्यांत भरते. कारखान्यांना आज हवी आहे ती खतावणी.

ती कशी घालावी? प्रत्येक मापाला नाव असे द्यावे की नव्या माणसालाही ते कोणत्या टाकीचे, कोणत्या एककातले हे कळेल. सर्व घड्याळे एका वेळेला जुळवावी, नाहीतर आधी काय घडले आणि नंतर काय, याचा उलगडा होत नाही. नोंदी एकाच विक्रेत्याच्या कुलपात अडकू देऊ नयेत. यंत्रांनी परस्परांशी बोलावे म्हणून ओपीसी-यूए यासारखी खुली प्रमाणे उपलब्ध आहेत. वाचण्यासाठी नोंदींची वेगळी प्रत असावी, म्हणजे बाहेरून वाचणाऱ्याचा हात चालत्या यंत्रापर्यंत पोहोचणार नाही. आणि ही प्रत वरिष्ठांच्या दालनापुरती न ठेवता, झडपेजवळ उभ्या असलेल्या पाळीवरच्या कामगाराला त्याच्या भाषेत वाचता आली पाहिजे. जीव त्याचा धोक्यात असतो.

टेक्सास सिटीत त्या दिवशी काय घडले, याचा क्रम चौकशी करणाऱ्यांनी पुढे साठलेल्या नोंदींतूनच जुळवला. म्हणजे आकडे होतेच! जे मागाहून वाचता आले, ते वेळेवर का वाचता येऊ नये? आपल्या गावातल्या कारखान्यात आपली मुले कामाला जातात. तेथे गेलात, तर किती आकडे साठवता, हे विचारू नका. आवक-जावक एका पानावर दिसते काय, एवढेच विचारा.