आपला शेजारी वनपिंगळा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने मला पाच मिनिटं पक्ष्यांवर बोलायला सांगितलं आहे. मी एकाच पक्ष्यावर बोलतो. तो आपल्या शहापूर तालुक्यात राहतो, लांबीने जेमतेम वीतभर. त्याचं नाव वनपिंगळा.

साधा पिंगळा तुम्ही पाहिला असेल. मुरबाडच्या शाखेत असताना मी वसुलीला गावोगाव जात असे. घरावर पिंगळा ओरडला की म्हातारी माणसं अपशकुन म्हणायची. आणि पिंगळ्याची भाषा कळते म्हणणारा कुडमुड्या जोशी पहाटे दारात आला, की त्यालाच सुपातून तांदूळ घालायची!

वनपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊबंद. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. हा दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, शेपूट हलवतो आणि सरडे, उंदीर, मोठे किडे पकडतो.

1873 साली ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. 1884 नंतर तो दिसेना. बँकेच्या भाषेत खातं निष्क्रिय झालं. मायनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 साली आपण गुजरातेत एक मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तर तो म्युझियममधून चोरलेला जुनाच नमुना निघाला, फक्त चिठ्ठी बदललेली. म्हणजे खोटं व्हाउचर! ती नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या जुन्या जागा शोधत निघाले. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला! 113 वर्षांनी खातेदार हजर झाला.

पुढे 2014 साली तो आपल्या तानसा अभयारण्यातही सापडला. ज्या तानसाचं पाणी मुंबई 1892 पासून पिते, त्याच जंगलात हा राहत होता. जागतिक यादीत तो आजही संकटग्रस्त आहे.

त्याची मुख्य गरज एकच, जुन्या झाडातली ढोली. ती त्याला स्वतःला कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने कोरलेली किंवा लाकूड कुजून झालेली ढोली मिळाली तरच अंडी घालता येतात. आपण मात्र पोकळ झाड म्हणजे निकामी झाड समजतो.

मीही तसंच समजत होतो. मी सेक्रेटरी असताना मागच्या कंपाउंडचा वाळलेला शिरीष तोडायला मीच सही केली. खोड आडवं झालं तेव्हा ढोलीतून साध्या पिंगळ्याची दोन पिल्लं निघाली. एक रात्री गेलं, दुसरं सकाळी. ठराव, परवानगी, कोटेशन, कागद सगळे बरोबर होते. आत कोणी आहे का, एवढंच कुणी पाहिलं नव्हतं.

येत्या सभेत बोअरवेलजवळच्या अर्धवट वाळलेल्या जांभळाचा विषय आहे. पार्किंगवर आलेली फांदी जरूर उतरवा, माणसांची सुरक्षितता आधी. पण खोड राहू द्या. वनपिंगळा तिथे येणार नाही, तो जंगलातलाच. साधा पिंगळा मात्र येतो, संध्याकाळी मी त्याला पाहतो. ठरावाला हात वर करण्याआधी एकदा ढोलीकडे मान वर करून बघा, एवढीच विनंती.