दोष सुनेचा नव्हे

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा नातू सारखा आजारी असायचा. कान वाहायचा, एका वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला. घरात बोलणी सुरू झाली, "सूनच पांढऱ्या पायाची." शेवटी आम्ही दोघीजणी त्या मायलेकरांबरोबर मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं, तेच आज सांगतो.

रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी आपल्या रक्तातल्या बी पेशींपासून तयार होतात. या पेशी हाडांच्या आतल्या मगजात जन्मतात. त्यांना वाढायला निरोप लागतो. तो पुढे पोहोचवणारं एक प्रथिन म्हणजे बीटीके, कायनेज जातीचं. हा निरोप्याच बिघडला, तर बी पेशी अर्ध्या वाटेत अडतात आणि अँटीबॉडी जवळजवळ बनतच नाहीत. आईकडून पोटात मिळालेली शिदोरी काही महिने पुरते. ती संपली, की दुखणी मागे लागतात.

१९५२ साली अमेरिकेतल्या डॉक्टर ब्रूटन यांना आठ वर्षांच्या एका मुलात हा आजार सापडला. बिघाड नेमका कुठे, ते १९९३ साली कळलं.

हा बिघाड एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडे एक्स दोन, म्हणून एक बिघडलं तरी दुसऱ्यावर भागतं. मुलग्याकडे एकच. बिघडलेलं एक्स असलेल्या आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. कोणतं एक्स जाईल, हे तिच्या हातात नसतं. कधी आईत काही नसतानाही बाळात दोष नव्यानेच येतो. मग बोल लावायचा कुणाला?

उपाय आहे. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी साधारण तीन-चार आठवड्यांनी शिरेतून देतात. त्या जन्मभर घ्याव्या लागतात. अशा बाळाला पोलिओचे थेंब देत नाहीत. पण बाकीच्या बाळांचे डोस चुकवू नका.

आजार दुर्मिळ आहे, प्रत्येक सर्दीला घाबरू नका. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया किंवा चारदा कान फुटला, किंवा माहेरी मामा-भाऊ लहानपणीच गेले असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, त्यांनाही सांगा.

आता ताई स्वतःच नातवाला घेऊन दवाखान्यात जातात. सून सोबत असतेच.