शीलाला कायद्याची जोड
(राजगुरुनगर येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज पाळीव जनावरांवरील क्रूरता आणि कायदा या विषयावर बोलायचं आहे. विषय ऐकून काहींनी विचारलं, "माणसांचे प्रश्न संपले का, की आता कुत्र्या-मांजरांवर बोलायचं?" प्रश्न रास्त आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरं-कुत्री पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना ओंजळभर पाणी मिळत नव्हतं. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पण कुत्र्याला पाणी मिळालं हा अन्याय नव्हता, माणसाला नाकारलं हा अन्याय होता. बाबासाहेबांचा लढा कुत्र्याशी नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे.

नुसती दया मनात ठेवून भागत नाही. सम्राट अशोकाने माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची व्यवस्था केली आणि ती शिलालेखात कोरून ठेवली. म्हणजे करुणेला राज्यकारभाराची जोड दिली. आपल्याकडे तशी जोड १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने दिली. त्याचं कलम ११ प्रत्येकाने वाचावं. जनावराला मारझोड करणं, आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, अन्नपाणी-निवारा न देणं आणि कारण नसताना सोडून देणं, हे सगळे गुन्हे आहेत. चाकणच्या पट्ट्यात कंपनीचं कंत्राट संपलं की खोली रिकामी होते आणि पाळलेलं कुत्रं रस्त्यावर राहतं. तो गुन्हाच आहे.

आता कायद्याचं दुखणं सांगतो. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला जेमतेम ५० रुपयांपर्यंत! उलट आपल्या खेड तालुक्याच्या जिव्हाळ्याची बैलगाडा शर्यत घ्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतीला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने दुरुस्ती कायम केली. तिच्यात नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बैलाला चाबूक मारला तर लाखांची भाषा, कुत्र्याला मारलं तर पन्नास रुपयांची. वेदना तर दोघांची सारखीच!

दुसरं दुखणं, कलम ११ चे बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. पोलीस एन.सी. नोंदवतात आणि पुढे न्यायालयात जा म्हणतात. मात्र विष घालणं, ठार मारणं, अपंग करणं ही वेगळी गोष्ट आहे. जुन्या दंडसंहितेत जनावराची किंमत किती, यावर शिक्षा ठरे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट नाही, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. गरिबाच्या गावठी कुत्र्यालाही आता कायद्यात जागा आहे.

तेव्हा करायचं काय? आधी मालकाला समजावून सांगा. बऱ्याच ठिकाणी अज्ञान असतं, तिथे तेवढ्याने काम होतं. नाही ऐकलं तर तारखेसह फोटो काढा, दोन साक्षीदार घ्या, लेखी तक्रार द्या आणि पोच मागून घ्या. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. १९६० च्या कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो, म्हणून "बघू, करू" चालणार नाही.

एक इशाराही देतो. जनावराच्या नावाने माणसाला अडवणं, मारहाण करणं ही करुणा नव्हे, ती गुंडगिरी आहे. आपला रस्ता सनदशीर.

कागदावरचा कायदा आपोआप चालत नाही, हे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने आपल्याला शिकवलं आहे. आपल्याला निदान तोंड आहे, तक्रार करता येते. मुक्या जनावराची फिर्याद दुसऱ्याच कुणाला तरी द्यावी लागते. पंचशीलातलं पहिलं शील रोज म्हणणाऱ्यांनी ती द्यावी, एवढंच मागणं आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!