चिठ्ठीवर ठरलेलें औषध

जुनाट दुखण्यानें गांजलेल्या मनुष्याच्या कानीं ‘अमुक रुग्णालयांत नव्या औषधाची चांचणी चालू आहे’ अशी वार्ता पडली, म्हणजे त्याच्या मनांत आशा व भीति एकदमच उभ्या राहतात. गुण येईल ही आशा. आपल्या देहावर प्रयोग होतील ही भीति. दोहोंची पारख होण्यास एक जुनें उदाहरण उपयोगी पडेल.

महायुद्धानंतर ब्रिटनमध्यें स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील औषध इतकें दुर्मिळ होतें कीं, तें सर्वांस पुरणें अशक्यच. तेव्हां १९४७ सालीं तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलनें १०७ तरुण क्षयरोगी घेतले, आणि औषध कोणास द्यावयाचें हें डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवतां बंद लिफाफ्यांतील चिठ्ठीवर सोंपविलें. ५५ जणांस औषध व विश्रांति, ५२ जणांस नुसती विश्रांति. ऐकावयास हें निष्ठुर वाटतें. परंतु निवड डॉक्टरांनीं केली असती, तर त्यांतल्या त्यांत धडधाकट रुग्ण एका बाजूस गेले असते, आणि गुण औषधाचा कीं प्रकृतीचा याचा उलगडा कधींच झाला नसता. सहा महिन्यांत पहिल्या गटांत ४ मृत्यु झाले, दुसऱ्यांत १४. पुढें अनेकांच्या जंतूंवर तें औषध चालेनासें झालें, हेंही त्याच चांचणीनें उघड केलें.

उणेपणा एकच, पण मोठा. औषध न मिळालेल्यांस आपण चांचणींत आहों याची कल्पनाच दिली नव्हती. आज भारतांत नव्या औषधाच्या चांचणींत रुग्णास सर्व समजावून त्याची लेखी संमति घ्यावी लागते. वाचतां न येणाऱ्यासाठीं तटस्थ साक्षीदार लागतो. चांचणी मध्येंच सोडण्याची त्याला मोकळीक असते व त्यामुळें नेहमींचे उपचार बंद होत नाहींत.

चांचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे. १५ जून २००९ पासून औषधाची चांचणी तींत नोंदविणें सक्तीचें आहे. संगणकावर ती कोणासही फुकट पाहतां येते. रोगाचें नांव घातलें कीं चांचणी कोठें आहे, कोणत्या वयाचे रुग्ण घेतात, चौकशी कोणाकडे करावी, हें दिसतें. घरांतला शिकता मुलगा हें सहज करून देईल. तो कागद आपल्या नेहमींच्या डॉक्टरांस दाखवावा. चिठ्ठींत जुनेंच औषध आलें तर काय, तपासण्यांचा खर्च कोणाचा, अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हें विचारण्यांत संकोच नको. सही केलेल्या कागदाची एक प्रत रुग्णास मिळते. ती औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबरच जपून ठेवावी.