ब्लॉकेज नाही, तरीही छाती दुखते



आमचं शेळगाव नीरा डाव्या कालव्याच्या टेलच्या मुलखात आहे. कालवा तुडुंब वाहतो, पण चारीला पाणी सुटलं नाही तर टेलचा ऊस वाळतो. हृदयाचंही तसंच होतं: मोठी वाहिनी मोकळी, पण बारीक वाहिन्यांतून रक्त पोचत नाही. म्हणून हा विषय आम्ही आग्रहाने मागून घेतला.

पन्नाशीतली बाई वैरणीचा भारा घेऊन चढाला लागली की छातीत भरून येतं, धाप लागते. घरचे पैसे जमवून अँजिओग्राफी करतात. ब्लॉकेज निघत नाही. मग ‘गॅस असेल, टेन्शन घेऊ नका’ म्हणून तिला परत पाठवतात, आणि ती पुन्हा तक्रारच करत नाही. मला याची फार चीड येते. अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या रक्तवाहिन्या. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या तिथं दिसत नाहीत, आणि स्नायूला किती रक्त द्यायचं हे मुख्यतः त्याच ठरवतात. त्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यानं वाहिनी सैलावते. या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. अस्तर बिघडलं की कष्टाच्या वेळी वाहिनी रुंदावत नाही, कधी उलट आवळते. मोठ्या वाहिनीलाही अशी उबळ येते; हृदयतज्ज्ञ प्रिन्झमेटल यांनी त्या दुखण्याचं वर्णन १९५९ मध्येच केलं होतं.

अस्तर बिघडवणारं सगळं आपल्या घरात आहे: वाढलेली साखर, रक्तदाब, तंबाखू. बायकांची मिश्रीही त्यातच आली, ती कुणी व्यसनात धरत नाही एवढंच. ‘अंगानं बारीक आहे, तिला कसली साखर?’ असंही म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी किती असते, ते दाखवून दिलं आहे.

उपाय आहेत. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये १५१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. वाहिन्या तपासून दोष बारीक वाहिन्यांचा की उबळीचा हे ओळखलं आणि त्याप्रमाणे औषध दिलं, तेव्हा सहा महिन्यांत रुग्णांचं दुखणं कमी झालं.

ती तपासणी खेड्यात होणार नाही. पण त्या तपासणीला कुणाला पाठवायचं, हे इथंच ठरतं. म्हणून बारामती-इंदापूरहून आलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांना यजमान या नात्याने एकच मागणी: बाईला कोणते प्रश्न विचारायचे आणि रिपोर्ट चांगला आला तरी तिला पुन्हा कधी पाठवायचं, हे एका पानावर मराठीत लिहून संध्याकाळपर्यंत आमच्या आशाताईंच्या हाती द्या.