प्रसूतीतील जखमेनंतरचा पतिपत्नीचा सहवास
(तंजावर परिसरातील मराठीभाषक कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले. त्या काळापासून कावेरीच्या या मुलखात आपली मराठी घराघरांतून बोलली जात आहे. घरात मराठी, बाजारात आणि दवाखान्यात तमिळ, अशी आपली सोय आहे. आजच्या विषयापुरत्या मात्र दोन्ही भाषा मुक्या होतात. बाळंतपणात झालेल्या जखमेनंतर पतिपत्नींनी पुन्हा शरीरसंबंध केव्हा व कसा सुरू करावा, हा तो विषय.

बाळ बाहेर येताना योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधला भाग पुष्कळदा फाटतो, किंवा तेथे चिरा द्यावा लागतो. (असा चिरा सरसकट देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले आहे.) फाटणे केवळ त्वचेपुरते असेल तर ते काही आठवड्यांत भरून येते. स्नायू फाटला असेल तर अधिक काळ लागतो. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जखम गेली असेल, तर डॉक्टरांनी तपासून सांगितल्याखेरीज संबंध सुरू करूच नये. म्हणून आपली जखम कोठवर गेली होती, हे रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. तो आपला हक्क आहे.

सव्वा महिना झाला, न्हाणे झाले, आता हरकत नाही, असे घरातील वडीलधारी मंडळी सूचकपणे सांगतात. गृहभेटींचा सरकारी क्रमही ४२व्या दिवसाशी येऊन थांबतो. परंतु ४२वा दिवस हा तपासणीचा दिवस आहे. त्याला परवानगीचा दिवस समजू नये. रक्तस्राव थांबलेला असावा, जखम भरलेली असावी, हात लावल्यास दुखू नये, आणि मुख्य म्हणजे स्त्रीच्या मनात इच्छा असावी. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर थांबावे. परगावी किंवा परदेशी नोकरी करणारा पती मोजक्या दिवसांच्या रजेवर येतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणे किती जड जाते हे आम्ही जाणतो. पण रजा संपत आली म्हणून जखम लवकर भरत नाही. हे पतीला समजावून सांगण्याचे काम एकट्या बाळंतिणीवर टाकू नये. सासूबाईंनी ते केले तर फारच उत्तम.

स्तनपान चालू असताना योनिमार्ग कोरडा राहतो. हा शरीरातील संप्रेरकांचा परिणाम आहे. प्रेम आटल्याची ती खूण नव्हे. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारे वंगण मिळते, ते वापरावे. निरोधाबरोबर खोबरेल वापरू नये. तेलाने रबर फाटते. प्रथम केवळ जवळीक असावी. पुढे संबंध ठेवताना घाई नसावी, आणि दुखल्यास त्याच क्षणी थांबावे. दुखणे सोसत राहिले की पुढच्या वेळी शरीर भीतीनेच आवळते, आणि वेदना वाढते. जखमेवर धुरी, शेक किंवा कसलीही पूड नको. स्वच्छता व कोरडेपणा पुरे. भातलावणीसारखे वाकून करण्याचे काम व जड ओझी यांनाही विलंब करावा.

पहिली पाळी येण्यापूर्वीच बीज सुटू शकते, म्हणून पाळी नाही तोवर गर्भ राहत नाही या समजुतीवर विसंबू नये. स्तनपान करणाऱ्या मातेस चालतील अशी साधने सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. पहिल्या संबंधापूर्वीच त्यांविषयी विचारावे.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, उसवलेले टाके, आपोआप गळणारी लघवी, वायू वा शौच न रोखता येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित दाखवावे. आणि तीन महिन्यांनंतरही संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ असे कोणी म्हटले तरी ते मानू नका. व्रण घट्ट झाला असेल, टाका वेडावाकडा भरला असेल, स्नायू आखडला असेल. बहुतेकांवर उपाय आहे. गावच्या आरोग्य परिचारिकेस, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तंजावरच्या राजा मिरासदार रुग्णालयात दाखवावे. १०४ या क्रमांकावरही सल्ला मिळतो.

तेथे फार बोलावे लागत नाही. ‘टाक्यांच्या जागी दुखते, संबंध जमत नाही’ एवढे एक वाक्य, मराठीत वा तमिळमध्ये, सांगितले की पुढचे प्रश्न विचारणे हे परिचारिकेचे काम आहे.